पाडव्याचं रेकॉर्डिंग

पंखे फिरत होते, पुढचा निळा दिवा लागला होता आणि पडद्यावर मात्र एक अक्षर उमटत नव्हतं. मी बटण दाबून धरलं, मशीन बंद केलं, दहापर्यंत आकडे मोजले आणि परत चालू केलं. पंखे फिरले. दिवा लागला. पडदा काळा तो काळाच.

"झालं का?" अनघाताईनं दारातून विचारलं. सकाळपासून चौथ्यांदा.

"नाही."

"अरे, तुझं पोट यावर चालतं ना? वीस वर्षं कॉम्प्युटरपुढं बसतोयस!"

"शिंप्याला सूत काढता येतंच असं नाही, ताई. मी प्रोग्रॅम लिहितो."

"शहाणपणा पुरे. माझी सहाची गाडी आहे. त्याआधी हे तडीला गेलं पाहिजे."

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, बेळगावच्या एका शाळेत मुख्याध्यापिका. तिथं तिनं पोरांच्या इतक्या चोऱ्या पकडल्या होत्या की समोरचं माणूस निर्दोषही असू शकतं, ही शक्यता तिच्या डोक्यातूनच गेली होती. नानांच्या शेवटच्या आजारपणात ती सांगलीला आली, ती त्यांच्या तेराव्यापर्यंत राहिली. तेरावा होऊन दोन दिवस झाले होते. आता तिला परत जायचं होतं, पण जाण्याआधी आमच्या वडिलांना कुणी मारलं, हे ठरवून जायचं होतं. 'मारलं' हा शब्द तिचाच.

आणि जिच्याबद्दल ठरायचं होतं ती हौसामावशी नऊ वाजल्यापासून आमच्या हॉलमध्ये, चपला घालायला बसतो त्या बाकड्यावर बसून होती. पदर डोक्यावर, हात मांडीत. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मी आज मशीन चालू करून बघणार आहे, हे तिनं ब्यूरोच्या बाईंकडून ऐकलं आणि ती बुधगावहून पहिल्या बसनं आली.

आजारी माणसं सांभाळायला बायका पुरवणारा एक ब्यूरो आहे, तिथून ती दीड वर्षापूर्वी आमच्याकडं आली होती. सकाळी आठ ते रात्री आठ. नानांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि त्याबरोबर गिळणंही गेलं. नाकातून नळी घातलेली, सगळं अन्न पातळ करून त्या नळीतून. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, तेव्हा मी एका कागदावर लाल पेननं 'तोंडानं काहीही द्यायचं नाही' असं लिहून तो कागद पलंगावरच्या भिंतीला चिकटवला होता. मी ऑफिसचं काम घरातूनच करायचो, पण माझं लक्ष असेल याचा मलाच भरवसा नव्हता. म्हणून खोलीत एक कॅमेरा लावला, आणि त्याचं रेकॉर्डिंग माझ्या खोलीतल्या सर्व्हरवर साठायचं.

सर्व्हर म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. मी स्वतः सुटे भाग आणून जुळवलेली एक काळी पेटी. घरचे फोटो, नानांनी पाटबंधारे खात्यात असताना काढलेले नकाशे आणि हे रेकॉर्डिंग, एवढं तिच्यात असायचं. मी लग्न केलं नाही, त्यामुळं ताई तिला 'आमची वहिनी' म्हणायची.

दिवाळीच्या पाडव्याला मी त्या पेटीतला मदरबोर्ड बदलला. साडेतीन मुहूर्तांतला अर्धा मुहूर्त. नवी वस्तू त्या दिवशी चालू करावी असं नाना नेहमी म्हणायचे, त्यांची स्कूटर पाडव्याची, फ्रीज पाडव्याचा. संध्याकाळी मी जुनं काढलं, नवं बसवलं, पेटीला हळदकुंकू लावलं, आणि मशीन उठलं नाही. आता भाऊबीज झाल्यावर बघू म्हणून सोडून दिलं. भाऊबीजेला पहाटे नानांना ताप चढला, श्वास लागला. दवाखान्यात नवव्या दिवशी ते गेले.

डॉक्टरांनी त्यांच्या श्वासनलिकेतून बेसनाचे कण काढले होते. "लाडू खाल्लाय यांनी," ते म्हणाले. "दिला कुणी? आणि त्याच संध्याकाळी आणलं असतं, तरी काहीतरी करता आलं असतं."

पाडव्याच्या दुपारी आईनं हौसामावशीला फराळाची बशी दिली होती. चकली, करंजी, दोन बेसनाचे लाडू. ती बशी तिनं नानांच्या पलंगाशेजारी बसूनच खाल्ली होती. शिवाय पूर्वी एकदा, नानांचे ओठ सुकले म्हणून चहात बोट बुडवून ते त्यांच्या ओठांवर फिरवताना ताईनं तिला पाहिलं होतं. ताईला आणखी काय पाहिजे?

"दिला ना तुम्ही लाडू?" तिनं दवाखान्याच्या जिन्यातच विचारलं होतं.

"म्या न्हाई दिला, ताई."

"मग कुणी दिला?"

यावर हौसामावशी खाली बघून एवढंच म्हणाली, "मशिनीत असंल की समदं. बगा तुमी."

"आणि ठसका लागला ते लपवून का ठेवलंत?"

"लपावलं न्हाई. दादास्नी तीन येळा हाक मारली म्या."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला एकच हाक आठवत होती, तीही धड नाही. मी तसं सांगितलं. खोटं नव्हतं ते, मला तेवढंच आठवत होतं.

ब्यूरोच्या बाईंनी तिचं काम थांबवलं. तिचा दोष नव्हता असं घरच्यांनी कळवलं तर पुढचं घर देणार, नाहीतर नाव काढून टाकणार. सांगली-मिरजेतल्या असल्या सगळ्या बायका एकमेकींना ओळखतात. एका ठिकाणाहून माणूस मारल्याच्या बोलानं नाव गेलं की दुसरं दार उघडत नाही. पन्नाशी उलटलेली, नवरा नाही, येतं ते एवढंच काम. चौदा म्हातारी माणसं तिनं शेवटपर्यंत सांभाळली होती, नावं पाठ होती तिला.

तर असं सगळं त्या काळ्या पेटीवर येऊन ठेपलं होतं, आणि पेटी उठत नव्हती.

"त्या डिस्क का काय त्या दुसऱ्या कॉम्प्युटरला लाव ना," ताई म्हणाली.

"त्या जोडीनं चालतात, आणि वर कुलूप घातलंय. याच मशीनमधनं उघडतं ते."

"एवढं कशाला करून ठेवायचं माणसानं! आणि जुना बोर्ड?"

"दुकानदारानं बदल्यात घेतला. विकला असेल त्यानं कुणाला."

"धन्य आहे," ताई म्हणाली आणि गेली.

मी सगळं उचकटलं. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या, त्या काढून खोडरबरानं पुसल्या, एकच लावून पाहिली, मग दुसरी. बोर्डावरचा बटणाएवढा सेल काढून पाच मिनिटांनी परत घातला. शेजारच्या जोशांच्या मुलीच्या कॉम्प्युटरचा पडदा मागून आणला. काही नाही. पंखे फिरतात, दिवा लागतो. नोकरीत मी असल्या अडचणींना हसायचो. त्या दिवशी माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

मध्ये आई आली. हातात चहाचे दोन कप. एक तिनं माझ्यापुढं ठेवला.

"दुसरा कुणाला?"

"हौसाबाईंना. सकाळपासनं उपाशी बसल्यात." ती पेटीकडं बघत उभी राहिली. नाना गेल्यापासून ती अंगानं निम्मी झाली होती. "श्री, होत नसेल तर राहू दे ना. गेलेलं माणूस काय त्यातनं परत येणार आहे?"

"परत येण्यासाठी नाही करत. त्या बाईचं नाव लागलंय, आई."

"हो. ते आहेच," आई म्हणाली, आणि चहा घेऊन बाहेर गेली.

थोड्या वेळानं हौसामावशीच दारात आली. आत यावं की नाही अशी घुटमळली. दीड वर्षं ती या घरात वावरली होती, पण माझ्या खोलीत तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"दादा, मोडलंय व्हय?"

"मोडलं नाही. उठत नाहीये."

"कायतरी धरू काय? नुसतं बसून जीव खालवर हुतोय माजा."

मी तिच्या हातात टॉर्च दिला. ती खाली बसली, गुडघे मोडून, जशी नानांची नळी साफ करायला बसायची तशी. मी पेटी आडवी केली होती. वायरींच्या गुंत्यात हात घालून मी एकेक वायर हलवून बघत होतो, आणि ती मी सांगेन तिथं उजेड धरत होती. मग मी न सांगताच तिनं उजेड दुसरीकडं नेला.

"दादा, ह्ये रिकामंच हाय की."

"काय?"

"ह्ये बगा. ह्या कोपऱ्यातलं. ह्याच्यात कायबी घातलेलं न्हाई. बाकी समद्यास्नी वायर हाय."

बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, पंख्याच्या मागं दडलेलं, आठ भोकांचं एक सॉकेट. प्रोसेसरला वीज देणारी वायर तिथं जायची. ती वायर बाजूलाच, पट्टीत गुंडाळलेली, जशी आली तशी पडली होती. इतर सगळ्याला वीज मिळत होती म्हणून पंखे फिरत होते, दिवा लागत होता. ज्याच्यावाचून अडतं त्यालाच मिळत नव्हती. पहिल्या वर्षाच्या पोरानं करावी अशी चूक. पाडव्याला मी किती घाईत होतो हे त्यावरनं मला कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

"तुम्हाला कसं दिसलं हो?"

"आमचं काम ह्येच न्हवं? मानसाला कायबी झालं तर पयलं बगायचं, नळी कुटं सुटलीया काय. दवा बिवा मागनं." ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा हसली.

मी वायर लावली. बटण दाबलं. पडद्यावर पांढरी अक्षरं आली.

"आलं!" हौसामावशी म्हणाली. तिनं पेटीला हात लावून नमस्कार केला. "काय म्हनतंय?"

"म्हणतंय, चालू करण्यासारखं आत काही सापडलं नाही."

"खोटं बोलतंय. आजोबा हायती की आत."

मला हसायला आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. "होईल तेही. तुम्ही बाहेर बसा मावशी, वेळ लागेल याला," मी म्हणालो. ती उठली. दारातून वळून म्हणाली, "सावकास होऊ द्या. मला काय घाई न्हाई."

दुसरी गाठ सोडवायला तासभर लागला. माझी जुनी डिस्क जुन्या पद्धतीनं तयार केलेली होती आणि नव्या बोर्डात ती पद्धत मुळात बंद ठेवलेली. बोर्डाच्या सेटिंगच्या एका पानात खोल दडलेली एक खूण बदलायची, बस्स. बदलली. मशीन सुरू झालं. कुलुपाचा शब्द मागितला, तो दिला. डिस्क उघडल्या. पाडव्याची तारीख होती. मी दार लोटून घेतलं.

कॅमेरा स्वस्तातला, त्याला आवाज नव्हता. कोपऱ्यात वेळ दिसायची. चार वाजून सात मिनिटं. हौसामावशी नानांची चादर बदलतेय. आई आत येते, काहीतरी म्हणते, मागच्या अंगणाकडं हात करते. वाळलेले कपडे असणार. हौसामावशी जाते.

आई परत बाहेर जाते आणि हातात ताम्हण घेऊन येते. निरांजन लावलेलं. अंगावर मोतिया रंगाची साडी, नानांनी त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी घेतलेली. मला आठवेना, सकाळी तिनं हीच साडी नेसली होती का. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. एक्कावन्न वर्षं तिनं ओवाळलं होतं. आदल्या वर्षी दिवाळीत नाना पुन्हा दवाखान्यात होते म्हणून तेवढं चुकलं होतं, आणि या वर्षी मी घरात असून माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं.

तिनं नानांना कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, ओवाळलं. नानांचा डावा हात चादरीवर हलला. अर्ध्या तोंडानं ते हसत होते. मग आईनं दाराकडं पाहिलं. मग भिंतीवरच्या माझ्या कागदाकडं. मग ताम्हणातल्या लाडवाचा तुकडा मोडून तिनं त्यांच्या ओठांत घातला.

चिमूटभर असेल. ओवाळल्यावर तोंड गोड करायचं, एवढंच. नानांनी डोळे मिटले. जीभ हलली. दीड वर्षात त्यांच्या चेहऱ्यावर मी तसं सुख पाहिलं नव्हतं. ते बघून आईनं आणखी एक तुकडा दिला.

चार वाजून चौदा मिनिटांनी त्यांना ठसका लागला. आई घाबरून नुसती उभी. हौसामावशी कपडे टाकून धावत आली, तिनं नानांना कुशीवर वळवलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घालून आतलं काढलं. ते बोट तिनं बघितलं. मग आईकडं बघितलं.

आईचे ओठ हलत होते. काय म्हणाली ते मला कधीच कळणार नाही, पण थोडंफार सांगता येईल. उन्हाळ्यात एकदा ती नानांना चमच्यानं पाणी देताना मला सापडली होती. तेव्हा मी ओरडलो होतो, "तुला मारायचंय का त्यांना? पुन्हा असं केलंस तर या खोलीत पाऊल ठेवू देणार नाही." स्वतःच्या आईला, तिच्या नवऱ्याच्या खोलीत. पडद्यावर तिनं हौसामावशीचा तो हात धरला, ओढला आणि नानांच्या डोक्यावर ठेवला. आपल्यात याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. हौसामावशी बराच वेळ तशीच उभी होती. मग तिनं मान हलवली.

मी तिथं थांबायला हवं होतं. नाही थांबलो.

चार एकवीस. हौसामावशी दाराशी येते, माझ्या खोलीच्या दिशेनं तोंड करून काही बोलते. ही हाक मला आता नीट आठवली. "दादा, आजोबास्नी ठसका लागलाय वं, येताय काय?" "पाठ थोपटा, आलोच," मी म्हणालो होतो. चार अठ्ठावीस, ती पुन्हा दाराशी. चार चाळीस, पुन्हा. या वेळी ती चौकट धरून उभी राहिली आणि वाट बघत राहिली. मी आलो नाही. पलंगावर नानांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. चार शेहेचाळीसला चित्र संपलं. त्यापुढं काही नव्हतं, कारण मुहूर्त गाठायचा म्हणून पावणेपाचच्या सुमाराला मीच मशीन बंद केलं होतं. माझ्या खुर्चीपासून त्या पलंगापर्यंत दहा-बारा पावलं आहेत. मी नानांच्या खोलीत गेलो ते साडेसातला.

दार उघडून बाहेर आलो तेव्हा तिघीही हॉलमध्ये होत्या. ताई खुर्चीत, हातात फोन. आई पानं घ्यायच्या तयारीत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. हौसामावशी मला बघून बाकड्यावरनं उठली.

"काय?" ताईनं विचारलं.

"मशीन सुरू झालं," मी म्हणालो. "रेकॉर्डिंग गेलं. बोर्ड बदलताना डिस्कचा तेवढा भाग खराब झाला. पाडव्याचं काही उरलेलं नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

ताईनं तोंडातल्या तोंडात मला एक शिवी दिली, ती लागली नाही. मग ती हौसामावशीकडं वळली. इतके दिवस ती तिला 'तुम्ही' म्हणत होती. "म्हणजे सुटलीस असं समजू नकोस. पोलिसात जात नाही, ते आईला दगदग नको म्हणून. पण ब्यूरोला मी कळवणार."

आणि तिनं तिथंच, सगळ्यांच्या देखत फोन लावला. "हो, त्यांनीच. नाही, दुसरं कोण असणार? घरात आई आणि भाऊ, दोघंच. हो, काढून टाका नाव."

हौसामावशी रडली नाही, भांडली नाही. ताईकडं तर तिनं बघितलंही नाही. ती माझ्याकडं बघत होती, आणि मी कॅलेंडरकडं.

"पानं घेऊ का?" आई म्हणाली. "दोन वाजून गेले. हौसाबाई, तुम्हीपण दोन घास खाऊन जा."

"नगं, आजी," हौसामावशी म्हणाली आणि पायात चपला सरकवल्या.

आई त्यानंतर सहा वर्षं जगली. त्या दुपारी तिला काय कळलं, मला काय कळलं हे तिला कळलं का, यावर आम्ही एका शब्दानं बोललो नाही. दर पाडव्याला ती देवापुढं निरांजन लावायची आणि फराळाच्या ताटातला लाडू तेवढा बाजूला काढून ठेवायची. तिच्या शेवटच्या आजारपणात ब्यूरोकडून दुसरी बाई आली. मी आईसाठी गप्प बसलो, असं मी मला कितीतरी वर्षं सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. आईनं दिलेला तुकडा आणि मला मारलेल्या तीन हाका एकाच रेकॉर्डिंगमध्ये होत्या, आणि मला तिची काळजी होती तेवढीच माझी भीती होती. ताईची गाडी सुटली त्या संध्याकाळी मी तो तास पुसून टाकला.

पण त्याआधी, दुपारी, मी हौसामावशीच्या मागोमाग फाटकापर्यंत गेलो होतो. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"मावशी," मी म्हणालो, "मी बघतो. माझ्या ओळखीत कुणाला माणूस लागत असेल तर सांगतो."

ती थांबली. "काय म्हनून सांगशीला?"

मी फाटकाच्या गजावरचा रंग नखानं खरवडू लागलो.

"दिसलं न्हवं तुमास्नी?" ती हळू आवाजात म्हणाली. "भाईर आलासा तवाच वळखलं म्या. मानूस मेल्यावर डाक्टर भाईर येत्यात, तसं तोंड हुतं तुमचं."

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"मग तुम्ही बोला ना, मावशी," मी म्हणालो. मी खरंच तसं म्हणालो. "ताई अजून आत आहे. आत्ता जाऊन सांगा. मी खोटं पाडणार नाही तुम्हाला."

"म्या कसं बोलू? आजोबांच्या डोस्क्यावर हात ठिवून आजीस्नी शबुद दिलाय म्या." तिनं पदर नीट केला. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तुमी तर कुनाला दिल्ला न्हवता, दादा."

मग तिनं फाटक ओढून घेतलं, बाहेरून हात घालून कडी लावली आणि ती स्टँडच्या रस्त्याला लागली.